जगात पोटॅश उतरलं, मग तुमची गोणी का नाही उतरली?



"अहो, बातमीत तर पोटॅश स्वस्त झालं म्हणतात, मग गोणी अजून एवढी महाग कशी?" कृषी सेवा केंद्रात हा प्रश्न तुम्हीही विचारला असेल. दुकानदार बिचारा काय सांगणार? भाव त्याच्या हातात नाही. म्हणून आज आपणच गोणी उघडून हिशेब बघू. शेती हा धंदा आहे, आणि कच्च्या मालाचा भाव कसा ठरतो हे मालकाला माहीत असायलाच हवं.

माल येतो कुठून?

आपल्याकडचं एमओपी, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, जवळपास सगळं परदेशातून येतं. जगातलं बहुतांश पोटॅश कॅनडा, रशिया आणि बेलारूस या तीन देशांत निघतं. दुकानं मोजकी आणि गिऱ्हाईक सगळं जग. एका दुकानाचं शटर अर्धं पडलं तरी भाव भडकतो.

२०२२ मध्ये तेच झालं. १ फेब्रुवारीपासून लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशची आपल्या देशातून होणारी वाहतूक थांबवली. त्याच महिन्यात रशिया-युक्रेन युद्ध पेटलं. भारताचा आयात करार २०२१ मध्ये टनाला २८० डॉलरवर होता, तो २०२२ मध्ये ५९० डॉलरवर गेला. आपल्याकडे गोणी १,७०० रुपयांवर पोहोचली.

आता गोणीचा हिशेब

५० किलोच्या गोणीत ६० टक्के, म्हणजे ३० किलो पालाश असतं. युरियाची किंमत सरकार ठरवतं. पोटॅशचं तसं नाही. २०१० पासून सरकार पालाशवर किलोमागे ठरावीक अनुदान देतं आणि गोणीवरची एमआरपी कंपनी छापते.

आता वही-पेन घ्या:

- २०२२: ५९० डॉलर, डॉलर साधारण ७५ रुपये धरा. एका गोणीचा माल सुमारे २,२१० रुपये. अनुदान किलोला २५.३१ रुपये, म्हणजे गोणीला ७५९ रुपये.
- २०२४: करार २७९ डॉलर, डॉलर साधारण ८३ रुपये. माल सुमारे १,१६० रुपये. अनुदान किलोला २.३८ रुपये, म्हणजे गोणीला फक्त ७१ रुपये.

बघा, मालाची किंमत गोणीमागे साधारण १,०५० रुपयांनी उतरली. पण अनुदानही ६८८ रुपयांनी घटलं. म्हणजे स्वस्ताईचा मोठा वाटा सरकारच्या तिजोरीत वाचला. उरले साडेतीनशेच्या आसपास. त्यातही बंदर, वाहतूक, जीएसटी, कंपनी आणि दुकानदाराचं मार्जिन, शिवाय महाग भावात भरून ठेवलेला जुना स्टॉक. मग तुमच्या हातात काय येणार?

म्हणून बातमीत फक्त डॉलरचा भाव वाचू नका. तीन आकडे एकत्र बघा: आयात करार, डॉलरचा दर आणि खरीप-रब्बीच्या आधी जाहीर होणारा अनुदानाचा दर.

मग करायचं काय?

१. गोणीचा नाही, किलोचा भाव काढा. १,७०० रुपयांच्या एमओपीत पालाश पडलं ५७ रुपये किलो. १०:२६:२६ च्या गोणीत पालाश १३ किलोच असतं, पण नत्र आणि स्फुरदही मिळतं. तिन्ही धरून तुलना करा.

२. आधी माती तपासा. आपल्या काळ्या जमिनीत पालाश मुळात बरं असतं. पण वर्षानुवर्षं ऊस, केळी घेतलेल्या रानात ते कमी झालेलं असू शकतं. शेजाऱ्याने टाकलं म्हणून आपण टाकायचं, हा धंदा नाही.

३. महाग आहे म्हणून सरसकट बंद करू नका. केळी आणि द्राक्षाला पालाश कमी पडलं तर मालाची प्रत घसरते. तिथे वाचवलेले पैसे बाजारात दुप्पट जातात.

४. साखर कारखान्याजवळ असाल तर पीडीएमची चौकशी करा. मळीपासून दारू गाळल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशच्या राखेतून हे पोटॅश बनतं. पालाश किमान १४.५ टक्के, तेव्हा इथेही भाव किलोवरच काढा.

५. "भाव वाढणार" ऐकून उधारीवर साठा करू नका. व्याजही गोणीच्याच किमतीत धरायचं असतं.

पुढची गोणी उचलण्याआधी दुकानातच मोबाईलवर एक भागाकार करा: किंमत भागिले पालाशचे किलो. दहा सेकंद लागतात.