लाल सरबतातले हरवलेले डाळिंब

फळांच्या कॉकटेलमध्ये तळाशी जी लाल झाक दिसते, ती बहुधा ग्रेनेडाइन नावाच्या सरबताची असते. फ्रेंचमध्ये ‘ग्रेनाद’ म्हणजे डाळिंब, पण बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत रंग, साखर आणि आम्लच असते. ज्या सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जिथे केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे तरी ही बाटली विकत घ्यायचे कारण नाही. 100 ग्रॅम गाळलेल्या रसात 100 ग्रॅम साखर न उकळता ढवळून विरघळवली, की पाक तयार. त्यात निम्म्याहून जास्त साखर असल्याने तो संत्र्याच्या रसापेक्षा जड होतो आणि ग्लासात हलकेच सोडला तर तळाशी बसतो. हे थर म्हणजे निव्वळ घनतेचा खेळ. त्यात दारू असो वा नसो.

उकळल्याशिवाय पाक टिकेल का, ही शंका रास्त आहे. तो फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावा, पण उकळू नये, कारण उष्णतेने ताज्या फळाचा वास उडतो आणि लाल रंग देणारी अँथोसायनिन हळूहळू मोडतात. त्यांना आम्ल मानवते, म्हणून लिंबू पिळले की रंग खुलतो. सोड्याची चिमूट मात्र त्याला निळसर करते. रस काढताना मिक्सर फार वेळ फिरवला तर बिया भरडून रस तुरट होतो. त्यापेक्षा दाणे फडक्यात घालून पिळावेत. हात लाल होतात, तेवढे चालवून घ्यावे.