संदेशजोडणी, सुरक्षित

संगणकावरील वा भ्रमणध्वनीवरील संदेश-अ‍ॅप आणि त्याचा सर्व्हर यांच्यामधील कूटबद्ध व ओळख पडताळलेली जोडणी. जळगाव येथील कापूस-व्यापाऱ्याने धुळे येथील अडत्यास दर कळविला, तर दोन्ही शहरे एकाच महामार्गावर असूनही संदेश सरळ जात नाही. तो अनेक जोडयंत्रांमधून सर्व्हरकडे व तेथून धुळ्यास जातो. कूटबद्ध नसलेला मजकूर वाटेत उघड्या पोस्टकार्डाप्रमाणे वाचता येतो व बदलताही येतो. दरातील एक आकडा बदलला, तरी सौदा फसू शकतो.

अशा जोडणीसाठी टीएलएस ही नियमावली वापरतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये व १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जोडणीच्या आरंभी अ‍ॅप व सर्व्हर आपापली गुप्त संख्या न पाठविता तिच्यापासून काढलेली उघड संख्या एकमेकांस देतात आणि दोघेही स्वतंत्रपणे एकच किल्ली तयार करतात. हे तत्त्व डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडले. पुढील मजकूर या किल्लीवरून कूटबद्ध होतो व त्यात केलेला फेरफार उघडकीस येतो.

किल्ली ज्याच्याशी ठरली तो खरा सर्व्हर आहे काय, हे मात्र प्रमाणपत्रावरून कळते. त्यावरील नाव, मुदत व प्रमाणन संस्थेची अंकीय स्वाक्षरी अ‍ॅप तपासते. विसंगती आढळल्यास मिळणारा इशारा डावलला, तर मजकूर कूटबद्ध होऊनही किल्ली मधल्या तोतयाच्या हाती जाऊ शकते. म्हणून ओळख पटल्यावाचून गुप्ततेला अर्थ उरत नाही.

एक्सएमपीपी या संदेशपद्धतीत ५२२२ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी प्रथम साधी असते व स्टार्टटीएलएस या आज्ञेने ती कूटबद्ध होते. ‘शक्य असल्यास कूटबद्ध’ असा पर्याय निवडल्यास तोतया या सोयीची सूचनाच गाळून जोडणी साधी ठेवू शकतो. यास्तव कूटबद्धता सक्तीची ठेवणे इष्ट असते.

टीएलएसचे संरक्षण सर्व्हरपाशी संपते. सर्व्हर-चालकास मजकूर वाचता येतो. तो केवळ प्रेषक व ग्राहक यांनाच कळावा, यासाठी टोकापासून टोकापर्यंतची कूटबद्धता लागते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ती २०१६ मध्ये सर्वांसाठी लागू झाली. तेथेही ओळखीचा प्रश्न उरतोच. दोन्ही भ्रमणध्वनींवरील सुरक्षा-संकेताचे आकडे प्रत्यक्ष भेटीत ताडून पाहणे, हा त्यावरील खात्रीचा उपाय होय.