खळ्यांचा बॉल

हॉस्टेलवर आमचा मैदानी खेळ म्हणजे मेस बंद व्हायच्या आत तिथे पोचणं. त्यामुळे सुट्टीत मामाने "गोल्फला येतेस का?" विचारलं तेव्हा हसूच आलं. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

पुण्याजवळच्या डोंगरात एक महागडा रिसॉर्ट आहे, तिथे मामाला कंपनीमुळे खेळता येतं. जीन्स चालत नाही, टी-शर्टला कॉलर हवीच. कॉलर रूममेटकडून उधार आणली.

खेळ सांगायला सोपा. होल अठरा, प्रत्येकाची रुंदी 108 मिलिमीटर. चांगल्या खेळाडूने किती शॉट्समध्ये बॉल आत घालावा तो आकडा म्हणजे 'पार'. बहुतेक होल्सना तो तीन, चार नाहीतर पाच असतो. मामाचा हँडिकॅप 22, म्हणजे ढोबळमानाने त्याच्या एकूण शॉट्समधून 22 वजा करायचे. म्हणून कच्चा आणि पक्का खेळाडू बरोबरीने खेळू शकतात. ही सोय आपल्या परीक्षेत का नाही, देव जाणे!

पहिला शॉट मी बॉल वर उडवायच्या नादात मारला. तो वीस पावलं घरंगळला. कॅडी काका म्हणाले, "ताई, उचलायला जाऊ नका. खाली मारा, तो आपोआप उठतो."

अगदी खरं. क्लबचं तोंड मागे कललेलं असतं. त्यामुळे बॉल वर सुटतो आणि बॅकस्पिन घेतो, मग ती गिरकी हवा खाली ढकलते आणि बॉलला आणखी उचलून धरते. आणि बॉलवरच्या त्या तीनशेहून जास्त खळ्या? मला वाटायचं, शोभेला. पण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलेला बाउंडरी लेयर इथे भेटला. गुळगुळीत बॉलवरून हवा लवकर सुटते, मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा तयार होतो आणि तिथला कमी दाब बॉलला मागे खेचतो. खळ्यांमुळे तो थर टर्ब्युलंट होतो, बॉलला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागचा पट्टा अरुंद होतो. असा बॉल गुळगुळीत बॉलच्या साधारण दुप्पट लांब जातो. व्हायव्हाला हे मला कधीच आलं नव्हतं.

या खेळात बहुतेक वेळा अंपायर सोबत नसतो. आपले शॉट्स आपणच मोजायचे. 1925 च्या यू.एस. ओपनमध्ये बॉबी जोन्सचा बॉल गवतात किंचित हलला. तो फक्त त्यालाच दिसला. त्याने स्वतःहून एक शॉट दंड घेतला, शेवटी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये तो हरला. हे मामाने गाडीतच सांगितलं होतं.

तरी सहाव्या होलला माझा बॉल उंच गवतात रुतला, तेव्हा मी बुटाने तो हळूच मोकळ्यात सरकवला. परत जागेवर ठेवला असता तर एक शॉट दंड, तसाच मारला तर दोन. मी तसाच मारला.

"किती?" मामाने कार्ड काढत विचारलं.

"सात."

काका बॅग उचलत होते. त्यांनी पाहिलं होतं की नाही, कळलं नाही. पुढच्या टीपर्यंत मी गप्प चालले.

"मामा, सात नाही, नऊ."

त्याने खोडून नऊ लिहिलं. काकांनी पुढचा क्लब माझ्या हातात दिला.