शहर फितते कसे : ‘सिव्हिलायझेशन 6’मधले निष्ठेचे गणित

‘सिव्हिलायझेशन 6’ हा फिरॅक्सिसचा गेम ऑक्टोबर 2016 मध्ये आला, तेव्हा शहर हातचे जायचे ते बहुतेक लढाईतच. शेजाऱ्याच्या दोन शहरांमधली मोकळी जागा हेरून तिथे वस्ती टाकायची आणि त्याची वाट अडवायची, हा त्या काळातला बिनधोक डाव होता. फेब्रुवारी 2018 मधल्या ‘राइज अँड फॉल’ या विस्तारात प्रत्येक शहराला लॉयल्टी, म्हणजे निष्ठा, आली आणि तो डाव अंगलट येऊ लागला.

निष्ठेची पट्टी 0 ते 100 अशी असते. नव्याने वसवलेले शहर 100 वर सुरू होते. आकडा 75 वर किंवा त्याखाली आला की लोकसंख्येची वाढ मंदावते आणि उत्पन्न घटते. 25 वर घसरला की दोन्ही बंद पडतात. शून्यावर शहर फुटून निघते आणि मुक्त शहर बनते. त्याचे स्वतःचे सैन्य उभे राहते आणि पुढे ज्या साम्राज्याचा ओढा जास्त, त्याच्याकडे ते जाऊ शकते. नगरराज्ये मात्र या ओढाताणीच्या बाहेर असतात.

हा ओढा माणसांचा असतो, तटबंदीचा नव्हे. शहरातला प्रत्येक नागरिक आपल्या शहरावर आणि नऊ घरांपर्यंतच्या शहरांवर दाब टाकतो. पटावर एकेक षटकोनी घर दूर जावे तसा हा दाब दहा टक्क्यांनी उतरतो. स्वकीयांच्या आणि परक्यांच्या दाबांतला फरक घ्यायचा, त्याला दहाने गुणायचे आणि त्या दोन दाबांपैकी लहान असेल त्यात अर्धा मिळवून भागायचे. उत्तर कितीही मोठे आले तरी एका टर्नमध्ये 20 पेक्षा जास्त चढउतार या दाबामुळे होत नाही.

समजा, एका नागरिकाचे नवे शहर आहे. आपले पाच लोकसंख्येचे दुसरे शहर सहा घरांवर आहे. शत्रूचे आठांचे शहर चार घरांवर आणि तिघांचे पाच घरांवर. यातले एकही राजधानी नाही. आपला दाब 1 अधिक 2, म्हणजे 3. शत्रूचा 4.8 अधिक 1.5, म्हणजे 6.3. सूत्राने दर टर्नला 9.4 ची घट निघते. काहीच केले नाही तर अकराव्या टर्नला शहर गेलेच. आता तिथे फक्त एक नागरिक वाढवून पाहावा. आपला दाब 4 होतो आणि घट 5.1 वर येते. सीमेवरच्या शहरात नवखे खेळाडू आधी तट बांधायला घेतात, पण तिथे आधी धान्य लागते. त्या शहरातून आपल्याच दुसऱ्या शहराकडे व्यापारी पाठवला तर धान्याची सोय होते.

बाकीचे उपाय या बेरजेवर वरून पडतात. गव्हर्नर नेमला की दर टर्नला 8, स्मारक बांधले की 1. वरच्या उदाहरणातले दोन नागरिकांचे शहर एवढ्यावर सावरते. सुखसोयींचा हिशेबही येथेच जोडलेला आहे. साधारण दर दोन नागरिकांमागे एक सोय लागते आणि चैनीची एक वस्तू चार शहरांना पुरते. शहर खूश असेल तर 3, अत्यंत खूश असेल तर 6 निष्ठा मिळते. नाराजीत तेवढीच जाते. चैनीच्या त्याच वस्तूचा दुसरा साठा आपल्या शहरांना काही देत नाही, म्हणून तो विकावा.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ते युग. सुवर्णयुगात प्रत्येक नागरिकाचा दाब दीडपट होतो, अंधारयुगात निम्मा. मूळ उदाहरणात शत्रू सुवर्णयुगात गेला तर घट 18.4 होते. आपण अंधारयुगात गेलो तर ती 20 च्या कमाल मर्यादेला जाऊन भिडते, आणि तिथे गव्हर्नरचे 8 काय पुरे पडणार? काल शांत असलेली सीमा युग पालटताच पेटते ती यामुळे. त्यामुळे पुढचे युग ठरवणारे युगगुण कमी पडत असतील तर नवी वस्ती पुढे ढकलावी.

जिंकलेल्या शहरालाही हाच नियम आहे. शत्रूच्या पोटात शिरून एकटे शहर घेतले तर भोवतालची शहरे ते परत ओढतात. म्हणून कडेपासून, एकाला लागून एक अशी शहरे घ्यावीत. ‘व्हिक्टर’ हा गव्हर्नर इतरांप्रमाणे पाच नव्हे, तीन टर्नमध्ये बस्तान बसवतो, म्हणून मोहिमेवर त्यालाच धाडतात. याच्या उलट टोकाला 2019 च्या ‘गॅदरिंग स्टॉर्म’मधली एलिनॉर ऑफ अॅक्विटेन ही राज्यकर्ती आहे. तिच्या शहरांतली प्रत्येक महान कलाकृती नऊ घरांतल्या परक्या शहराची एकेक निष्ठा दर टर्नला खाते आणि तिचा ओढा सर्वांत जास्त असेल तर फुटणारे शहर मुक्त न होता थेट तिला येऊन मिळते. तलवार न उपसता राज्य वाढवण्याचा एवढा बेरकी मार्ग या गेममध्ये दुसरा नाही.

वस्ती टाकणारा सेटलर निवडल्यावर कोणत्या घरावर किती निष्ठा घटेल, ते नकाशावर आधीच दिसते. वस्तीचे बटण दाबण्यापूर्वी तो आकडा वाचावा. गव्हर्नर आणि स्मारक धरूनही तो उणेच राहत असेल, तर दोन घरे मागे सरावे.