फी माफ आहे, मग देणगी कशाला?

धाराशिवच्या मुलांसाठी शिष्यवृत्तीला हातभार लावा म्हटलं की पुण्या-मुंबईत आणि अमेरिकेत स्थिरावलेले आपलेच लोक विचारतात, "सरकार फी भरतंच की!"

हे खरं आहे, पण अर्धंच. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पण भूम-परंड्याचा मुलगा पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकायला गेला की कॉटचं भाडं, मेसचा डबा, एसटीचं तिकीट, प्रवेश परीक्षांचे अर्ज, इंजिनिअरिंगला असेल तर लॅपटॉप, हे सगळं फीच्या बाहेर राहतं. मुलं अडतात ती इथे.

त्यात वेळ आडवी येते. प्रवेशाच्या याद्या लागतात पावसाळ्यात. तेव्हा घरातला पैसा सोयाबीनच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, आणि सोयाबीन बाजारात जातं ऑक्टोबरनंतर. वसतिगृहासाठीचा सरकारी निर्वाह भत्ता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून, तो तपासला गेल्यावर खात्यात येतो. मधले महिने उसनवारीवर काढायचे, नाहीतर प्रवेश सोडायचा. म्हणून मार्चमध्ये आलेल्या पंचवीस हजारांपेक्षा जुलैमधले दहा हजार मला मोलाचे वाटतात.

दुसरा समज असा, की मदत नव्वद टक्क्यांच्या पुढच्यांनाच करावी. त्यांचे सत्कार गावोगाव होतात, त्यांना दाते सापडतात. शेतात राबून पासष्ट टक्के मिळवणाऱ्या मुलीकडे कोणी बघत नाही. तिच्या शिक्षणात एका वर्षाचा खंड पडला की घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. माझ्या मते पहिला हक्क तिचा आहे, आणि तो स्टेजवर बोलावून, चेक हातात देतानाचा फोटो काढून देऊ नये.

एकदा मोठी रक्कम दिली की काम झालं, हेही खरं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीबरोबर आपल्या लोहारा-उमरग्याकडची गावंही उद्ध्वस्त केली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. राहणं, जेवण आणि शाळा यांची सोय तिथे वर्षानुवर्षं चालवावी लागली. तीन वर्षांच्या पदवीला तीन वर्षांचा शब्द हवा. पहिल्या वर्षी भरघोस देऊन दुसऱ्या वर्षी हात आखडला, तर मुलगा शहरात अधांतरी राहतो.

पैसे मुलापर्यंत पोचतात का, ही शंका रास्त आहे. संस्थेला लेखापरीक्षण अहवाल मागा. मेस किंवा वसतिगृहाचे पैसे थेट तिथेच भरले जातात का, तेही विचारा. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही.

कराचं थोडक्यात. देणगीवरची आयकर सवलत (८०-जी) जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती रकमेच्या निम्म्यावर, तीही मर्यादेत. २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. विद्यार्थ्याच्या हातात थेट दिलेल्या पैशांवरही ती मिळत नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांचा गोंधळ पासपोर्टवरून होतो. पासपोर्ट भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ती विदेशीच. अशी देणगी विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. म्हणून पैसे पाठवण्याआधी संस्थेला आपलं नागरिकत्व कोणत्या देशाचं आहे ते कळवा, आणि तिची नोंदणी चालू आहे का ते विचारून घ्या.