धुमसणाऱ्या डोंगरासमोर दोन दिवस

कुटुंबाला घेऊन ज्वालामुखीशेजारच्या शहरात शनिवार-रविवार घालवायचा बेत निघाला, की घरातल्या मोठ्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा डोंगर शेवटचा कधी उफाळला होता? शंभर वर्षांपूर्वी, असं उत्तर आलं की जीव भांड्यात पडतो. परवाच, असं आलं की बेत मोडतो. प्रश्न काळजीपोटी येतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. पण त्या उत्तरावरून काढलेला निष्कर्ष बरेचदा उलटा निघतो. आपल्याला याचा अंदाज नसणं साहजिक आहे. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली तो खडक, विदर्भ-मराठवाड्याची काळी माती हे सगळं ज्वालामुखीचंच देणं. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भारतातला आज जागा असलेला ज्वालामुखी अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटावर आहे आणि तिथे वस्तीच नाही. जिवंत ज्वालामुखीच्या शेजाराची सवय आपल्या कोणत्याच पिढीला झालेली नाही. म्हणून जपानात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं असोत की वसंतात चेरीचा बहर पाहायला जाणारे प्रवासी, त्यांनी क्युशू बेटाच्या दक्षिणेकडचं कागोशिमा हे शहर नीट समजून घ्यावं. जवळपास सहा लाख वस्तीचं हे शहर. समोर खाडी, आणि खाडीपलीकडे अवघ्या चार किलोमीटरवर साकुराजिमा: १,११७ मीटर उंचीचा, वर्षानुवर्षं राख ओकत आलेला डोंगर. लहान मुलांना घेऊन जाण्यासाठी हे शहर मला कित्येक शांत डोंगरांपेक्षा अधिक योग्य वाटतं.

आधी त्या शांत डोंगरांकडेच पाहू. मध्य जपानातला ओन्ताके हा गिर्यारोहकांचा आवडता डोंगर. २७ सप्टेंबर २०१४ हा शनिवार होता, हवा स्वच्छ होती, शरदातले पानांचे रंग पाहायला आलेल्या माणसांनी शिखर गजबजलं होतं. दुपारचे बारा वाजायला काही मिनिटं असताना शिखराजवळ स्फोट झाला. ५८ माणसं गेली आणि पाच जणांचा पत्ताच लागला नाही. जपानच्या हवामान संस्थेची ज्वालामुखींसाठी पाच पातळ्यांची इशारा पद्धत आहे. त्या सकाळी ओन्ताके सर्वांत खालच्या, पहिल्या पातळीवर होता. तो स्फोट वाफेचा होता. डोंगराच्या पोटातलं पाणी तापून एकाएकी त्याची वाफ झाली आणि तिने खडक फोडला. वर चढणारा मॅग्मा जमीन फुगवतो आणि ती फुगवण उपकरणांना कळते, पण वाफेच्या स्फोटाआधी असे ठळक संकेत फारसे मिळत नाहीत. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी असाच स्फोट झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसं होती आणि त्यातली २२ दगावली. तिथली इशारा पातळी तीनच आठवड्यांपूर्वी वाढवलेली होती, तरी सहली चालू राहिल्या. सुमात्रा बेटावरच्या मारापीचं तर अधिकच बोलकं आहे. मुखापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये, अशी सूचना तिथे असूनही लोक चढत राहिले; ३ डिसेंबर २०२३ च्या उद्रेकात २४ गिर्यारोहक गेले. या तिन्ही ठिकाणी बळी गेलेली माणसं मुखाच्या जवळ होती. कुटुंबाने विचारायचा प्रश्न यातूनच पुढे येतो: या डोंगरापासून किती लांब राहायचं हे कोणी ठरवलं आहे, कशाच्या आधारे ठरवलं आहे, आणि लोक ते पाळतात का?

साकुराजिमाकडे या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. १९५५ च्या ऑक्टोबरात दक्षिणेकडच्या शिखरावर, मिनामिदाकेवर, मोठा स्फोट होऊन जीवितहानी झाली आणि तेव्हापासून हा डोंगर चढायला बंदी आहे. सात दशकं ती बंदी टिकून आहे. डोंगर बहुतेक काळ तिसऱ्या पातळीवर असतो, म्हणजे मुखांभोवतीच्या साधारण दोन किलोमीटरच्या वर्तुळात कोणी पाऊल ठेवायचं नाही. सर्वसामान्य माणसाला जास्तीत जास्त ३७३ मीटर उंचीवरच्या युनोहिरा या निरीक्षणस्थळापर्यंतच जाता येतं. इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. रोज थोडं थोडं धुमसलं की डोंगराच्या पोटातली वाफ निघून जाते, म्हणून मोठा उद्रेक होत नाही, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. २०११ या एका वर्षात साकुराजिमाचे ९९६ स्फोट नोंदले गेले, तरीही खाडीच्या तळाखाली, आयरा या प्राचीन कॅल्डेराखाली (जुन्या प्रचंड उद्रेकात खचलेल्या खोलगट भागाखाली), मॅग्मा साठतच राहिला आहे. डोंगर रोज धुमसतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. रोजच्या धुमसण्याचा उपयोग वेगळाच आहे: ते माणसांना धोका विसरू देत नाही. आखलेली रेषा जिवंत राहते, उपकरणं गंजत नाहीत, सराव नुसत्या कागदावर उरत नाहीत. शंभर वर्षं गप्प बसलेल्या डोंगराच्या पायथ्याशी हे सगळं टिकवणं फार कठीण जातं.

ही जागरूकता कागोशिमात मुलांना डोळ्यांनी पाहता येते, आणि म्हणूनच हे शहर कुटुंबासाठी इतकं मोलाचं आहे. नगरपालिका घरोघरी राखेसाठी पिवळ्या पिशव्या देते. अंगणातली, गच्चीवरली राख त्यांत भरून नेमलेल्या जागी ठेवायची, की गाडी येऊन ती घेऊन जाते. रस्त्यांवरची राख झाडायला खास वाहनं आहेत. डोंगराच्या पायथ्याशी राहणारी मुलं पिवळं हेल्मेट घालून शाळेत जातात. रस्त्यालगत जागोजागी काँक्रीटचे भक्कम आडोसे बांधलेले आहेत. आकाशातून दगड पडू लागले तर त्यांत शिरायचं. स्मशानातल्या थडग्यांवरही राख पडू नये म्हणून छपरं घातलेली दिसतात. पूर्वेकडच्या कुरोकामी गावात देवळाचं तोरी, म्हणजे दगडी प्रवेशद्वार, १९१४ च्या उद्रेकात राखेखाली गाडलं गेलं. मूळ उंची तीन मीटर. आज वरचा जेमतेम मीटरभर भाग जमिनीबाहेर आहे. गावाने ते मुद्दाम तसंच ठेवलं. दहा वर्षांच्या मुलाला उद्रेक म्हणजे काय हे त्या दगडाशेजारी उभं राहून जेवढं कळेल, तेवढं कोणत्याही चित्रफितीतून कळणार नाही. आणि याच राखाळ मातीत जगातला सर्वांत मोठा मुळा पिकतो: २००३ साली तोललेल्या साकुराजिमा मुळ्याचं वजन ३१.१ किलो भरलं होतं.

आता बेताकडे. फुकुओकातल्या हाकाता स्थानकातून शिनकानसेनने कागोशिमा-चुओ साधारण सव्वा-दीड तासावर आहे. मुक्काम शहरात करावा, डोंगराच्या बेटावर नाही. शहरातून बेटावर जाणारी फेरीबोट पंधरा मिनिटांत पोचवते आणि ती रात्रंदिवस चालते. या पंधरा मिनिटांमुळेच दोन दिवसांचा बेत सोपा होतो, कारण बेटावर कोणत्या दिवशी जायचं हे आधी ठरवावंच लागत नाही. ठरवू नयेच. ते वाऱ्यावर सोपवावं. राख कुठे पडणार हे डोंगरावरचा वारा ठरवतो, म्हणून इथल्या हवामान वृत्तात साकुराजिमावरच्या वाऱ्याची दिशा सांगितली जाते. उन्हाळ्यात पूर्वेकडचा वारा राख शहरावर आणतो. हिवाळ्यात वायव्येचा वारा तीच राख पलीकडच्या ओसुमी द्वीपकल्पावर नेतो. हवामान संस्था राखेचा वेगळा अंदाजही देते: नेहमीचा, मग उद्रेक झाल्यावर काही मिनिटांत येणारा तातडीचा, आणि त्यानंतर सविस्तर. २०१५ पासून त्यात राख कोणत्या दिशेला याबरोबर ती किती, हेही असतं. तेव्हा शनिवारी सकाळी न्याहारीच्या वेळी हा अंदाज पाहावा. वारा शहराकडे असेल तर बंदरालगतच्या मत्स्यालयात मुलांना व्हेल शार्क दाखवावा. वारा पलीकडे असेल तर इथे राज्य करणाऱ्या शिमाझू घराण्याची सेंगान-एन ही बाग आणि शिरोयामा टेकडी गाठावी. सतराव्या शतकातल्या त्या बागेच्या रचनेतच समोरचा डोंगर आणि खाडी धरलेली आहे. बेटासाठी अर्धा दिवस पुरतो. फिरती बस युनोहिराला नेते, धक्क्यापासून जवळच खाडीकाठी शंभर मीटर लांबीचा गरम पाण्याचा पाट आहे, त्यात पाय सोडून बसायला पैसे पडत नाहीत. कुरोकामीचं तोरी मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्यासाठी वेळ वेगळा राखावा लागतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मोठ्या उद्रेकाचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १२ जानेवारी १९१४ रोजी साकुराजिमा फुटला, लाव्हाने मधली सामुद्रधुनी भरून काढली आणि तोवर बेट असलेला डोंगर ओसुमीला कायमचा जोडला गेला. (त्याला बेट म्हणायची सवय तरीही सुटलेली नाही, या लेखातही.) त्या दिवशी संध्याकाळी मोठा भूकंपही झाला. मृत आणि बेपत्ता मिळून ५८ जण गेले, त्यातले जवळपास निम्मे भूकंपात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आयराखाली दर वर्षी सुमारे १.४ कोटी घनमीटर मॅग्मा येतो आणि १९१४ इतका साठा पुन्हा जमायला साधारण १३० वर्षं लागतात. हिशेब सरळ आहे: आपली मुलं मोठी होतील तेव्हा तो काळ आलेला असेल. मग आता जाणं हा अविचार आहे का? मला तसं वाटत नाही. मॅग्मा वर येऊन होणारा मोठा उद्रेक वाफेच्या स्फोटासारखा न सांगता येत नाही. १९१४ मध्येही आदल्या दिवसापासून भूकंपाचे धक्के बसत होते, विहिरींचं पाणी बदललं होतं. वीस हजारांवर रहिवाशांपैकी बहुतेकांनी ते ओळखून होड्यांतून बेट सोडलं. मागे राहिले ते मुख्यतः अधिकृत शब्दावर विसंबलेले. बेटावरच्या एका गावाने वेधशाळेला पुन्हा पुन्हा विचारलं होतं आणि साकुराजिमाला धोका नाही असंच उत्तर मिळालं होतं. दहा वर्षांनी, १९२४ मध्ये, गावाने शाळेच्या आवारात स्मारकशिला उभी केली. सिद्धान्तावर विसंबू नका, काही विपरीत दिसलं की आधी निघा, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय आहे.

ही शिला विज्ञानावरच्या अविश्वासाची खूण म्हणून ओळखली जाते. पण ती आजही त्याच आवारात उभी आहे आणि त्याच डोंगरावर क्योटो विद्यापीठाचं संशोधन केंद्र बोगद्यांत उपकरणं बसवून जमिनीचा सूक्ष्म कल मोजत असतं. दोन्ही एकत्र नांदतात, यातच मला या जागेची विश्वासार्हता दिसते. २४ जुलै २०२२ रोजी रात्री आठनंतरच्या स्फोटात दगड अडीच किलोमीटरपर्यंत उडाले आणि साकुराजिमासाठी पहिल्यांदाच पाचवी पातळी जाहीर झाली. मुखाजवळच्या दोन वस्त्यांतल्या ५१ जणांना हलवलं गेलं, समोरच्या शहराला हलावं लागलं नाही, आणि तीन दिवसांत पातळी पुन्हा तीनवर आली. याउलट २०२० च्या जूनमध्ये पहाटे एक मोठा दगड मुखापासून सुमारे तीन किलोमीटरवर, वस्तीच्या अगदी जवळ पडला. तेव्हा दोन किलोमीटरच्या रेषेबाहेर काहीच होत नाही असं मानू नये. शहरात मुक्काम करायचा सल्ला त्यासाठीच आहे.

राखेचा आक्षेप साधा वाटतो, पण मुलांच्या बाबतीत मी त्याला अधिक वजन देते. ही राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाचे आणि काचेचे बारीक, टोकदार कण असते. डोळ्यांत गेली तर चोळू नये, पाण्याने धुवावी. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवून चष्मा वापरावा, नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क असावा, आणि छत्री पाऊस नसतानाही जवळ ठेवावी. एवढ्यावर निरोगी मुलाचं भागतं. दम्याच्या मुलाचं भागेलच असं नाही. त्याला न्यायचं तर हिवाळ्यात, डॉक्टरांशी बोलून, आणि राख पडू लागली की खोलीत थांबायच्या तयारीने. ज्या मुलाचा दमा ताब्यात नाही, त्याला तिथे नेऊ नये. तिथलं कोणतंही दृश्य त्या जोखमीच्या तोलाचं नाही.

उरला तो मुखात डोकावता येत नसेल तर जायचं कशाला, हा प्रश्न. व्हाकारीवर माणसं त्याच ओढीने गेली होती. साकुराजिमाचा राखेचा स्तंभ शहरातूनच दिसतो, आणि तो पाहताना मुलाला हेही दिसतं की शेजारचा दुकानदार वर एक नजर टाकतो, वाऱ्याचा अंदाज घेतो आणि बाहेर वाळत घातलेले कपडे आत घेतो.

निघण्याच्या दिवशी पातळी तपासावी. ती चार किंवा पाच झाली असेल तर बेटाचा बेत सोडावा आणि मुलांना ते का सोडलं हे नीट सांगावं. विमानाने परतणार असाल तर राखेमुळे उड्डाणं रद्द होऊ शकतात, म्हणून शिनकानसेनच्या वेळाही जवळ असाव्यात. बेटाचा बेत सोडल्याने मोकळा झालेला अर्धा दिवस वाया जात नाही. कागोशिमाहून दक्षिणेला रेल्वेने तासाभरावर इबुसुकी आहे. तिथे समुद्रकाठची वाळू भूगर्भातल्या उष्ण पाण्याने तापलेली असते. सुती किमोनो घालून आडवं झालं की तिथली माणसं फावड्याने गळ्यापर्यंत गरम वाळू ओढतात, आणि दहा मिनिटांत अंग घामाने चिंब होतं.