उन्हाळा आणि परसातील खुराडे

वैशाख लागला की वैनगंगेच्या या खोऱ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. माणसे दारे लोटून घेतात, गुरे झाडाखाली रवंथ करीत बसतात. परंतु कोंबडीला आपण जेथे कोंडू तेथेच दिवस काढावा लागतो. विशेषतः नवतपाच्या दिवसांत भर दुपारी एखादी धडधाकट कोंबडी मरून पडते. अंड्यांच्या चार पैशांवर ज्या घरी मुलांच्या वह्या येतात, तेथे ही हानी लहान नव्हे. बहुधा ती टाळता येते. म्हणून तिची कारणे व उपाय येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

कोंबडीला घाम येत नाही, कारण तिला घर्मग्रंथीच नसतात. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश असते. भोवतालची हवा थंड असेल तोवर तुरा, गळ्याखालचे लोंबते कातडे व उघडे पाय यांवाटे उष्णता बाहेर जाते. हवाच ४० अंशांवर गेली की ही वाट जवळजवळ बंद होते. मग चोच उघडून धापा टाकणे, म्हणजे घशातील ओलावा उडवून अंग निववणे, एवढाच उपाय तिच्यापाशी उरतो. या धापांबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायूही अधिक बाहेर पडतो व अंड्याच्या कवचाला लागणारे द्रव्य कमी पडते. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची होतात, त्याचे हे एक कारण होय.

पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष जो तांबडा रानकोंबडा, तो आपल्या जिल्ह्यास लागून असलेल्या कान्हाच्या अरण्यात आजही आढळतो. ऊन तापले की तो दाट झाडोऱ्यात सावली धरून राहतो. आपणही खुराड्यात तीच सावली निर्माण करावयाची आहे.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन केवळ अरुंद बाजूंवर पडते. लांब बाजूंना जाळी लावावी; वारा खेळतो आणि मुंगूस व रानमांजर यांपासून रक्षणही होते. उकाडा वर चढतो, म्हणून आढ्याजवळ एक झरोका असावा. नुसते पत्र्याचे छप्पर तापून खाली आग ओकते; त्यावर चुना फासावा, अथवा वीतभर जाड तणस पसरावी. आपला जिल्हा धानाचा असल्याने तणस घरोघरी मिळते. मात्र चूल जवळ नसावी. मांडवावर दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल चढविला तर सावली आणि भाजी दोन्ही साधतात. खाली धानाच्या तुसाचा थर पातळच ठेवावा व कोंबड्यांची दाटी करू नये.

आम्ही मूळचे कोकणी मुलखातील. तिकडे हवा दमट असल्याने ओले गोणपाट टांगून फारसा लाभ होत नाही. इकडील उष्मा कोरडा. त्यामुळे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना हवेतील उष्णता शोषून घेते. वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे, परंतु दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजू झाकल्यास आत दमटपणा कोंडून धापांचाही उपयोग होत नाही.

पाणी मातीच्या पसरट भांड्यांत, सावलीत ठेवून दिवसातून तीन-चार वेळा बदलावे. अन्न पचताना अंगात उष्णता वाढते. सबब दाणा पहाटे व सायंकाळी द्यावा, दुपारी नव्हे.

कोंबडी पंख अंगापासून दूर धरून, डोळे मिटून धापा टाकू लागली, तर तिला तत्काळ सावलीत न्यावे, पाय साध्या थंड पाण्यात बुडवावेत आणि पाण्याचे घोट पाजावेत. बर्फ वापरू नये. एकाच वेळी अनेक कोंबड्या दगावल्यास मात्र उन्हाला दोष देऊन स्वस्थ न बसता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तो रोगही असू शकतो.

विद्यार्थिमित्रांनो, यांतील बहुतेक कामे तुमच्या हातांनी होण्याजोगी आहेत. चैत्र सरण्यापूर्वीच ती उरकावी. वैशाखाच्या झळा सुरू झाल्यावर छप्पर शाकारण्यास सवड मिळत नाही.